पिवळी कॉलनी म्हणजे तेल्याच असं नाही: डाळिंबावरचा जीवाणू ओळखण्याची रीत

कसमादे पट्ट्यातून, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा भागातून, नाशिकच्या प्रयोगशाळेत तेल्याचा, म्हणजे डाळिंबावरच्या जीवाणूजन्य तेलकट डागांच्या रोगाचा, नमुना आला की पहिल्याच प्लेटवर पिवळ्या कॉलन्या (जीवाणूंच्या ठिपक्यांसारख्या वसाहती) उगवतात आणि वहीत ‘झँथोमोनास’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. घोटाळा नेमका इथेच होतो. डाळिंबाच्या पानावर पिवळा रंग घेऊन राहणारे जीवाणू बरेच आहेत. त्यातला पँटोइया तर इतका हुबेहूब दिसतो की नुसत्या डोळ्यांनी फरक करणं अवघड. तेल्या ज्याच्यामुळे होतो तो झँथोमोनास ॲक्झोनोपोडिस, पॅथोव्हार प्युनिकी (पॅथोव्हार म्हणजे ठरावीक झाडावर रोग करणारा गट; अलीकडे त्याला झँथोमोनास सिट्रीमध्ये धरतात) हा वेगळा गडी आहे. त्याची पेशीभित्तिका, त्याची कशाभिका (पोहायची शेपटी), त्याचा चिकट लेप, त्याची जनुकं यांतलं काहीतरी प्रत्येक चाचणीत बाहेर दिसतं. कोणती चाचणी काय दाखवते हे माहीत असलं की उत्तर चुकतंय तेव्हा लगेच लक्षात येतं.

बागेतून नमुना घेताना

जुना, वाळलेला, काळा पडलेला डाग घेऊ नका. त्यात मूळ जीवाणू कमी आणि नंतर आलेले उपरेच जास्त असतात. पान उन्हाकडे धरून पाहा. कडा तेल लागल्यासारखी, पाणी मुरल्यासारखी दिसत असेल तो डाग ताजा. दोन-तीन मिलिमीटरचा असला तर उत्तमच. फळावर तेल्याचा डाग तडकतो, इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी भेग पडते. सर्कोस्पोरा बुरशीचे काळे ठिपके असे तडकत नाहीत आणि तेलकटही दिसत नाहीत.

फळावर लक्षणं ठसठशीत असली तरी जीवाणू वेगळा करायला पानच घ्या. डाळिंबाच्या सालीत टॅनिनं भरपूर असतात. साल कुस्करली की तीच टॅनिनं जीवाणूंना मारतात आणि मग प्लेट कोरी राहते.

वेगवेगळ्या झाडांवरची दहा-पंधरा पानं, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून, कागदी पाकिटात घाला. ओली पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गाडीच्या डिकीत टाकली, तर मालेगावहून नाशिकला येईपर्यंत आत उबारा धरतो आणि पँटोइयासारख्या उपऱ्यांची चंगळ होते. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाचा पॅक ठेवा, पण पानं त्याला टेकू देऊ नका. पाकिटावर तारीख, वाण (बहुधा भगवा), धरलेला बहार आणि शेवटची फवारणी कधी व कशाची हे लिहा. ताम्रयुक्त औषध किंवा स्ट्रेप्टोमायसिन नुकतंच मारलं असेल तर जीवाणू उगवत नाही आणि ‘रोग नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. म्हणून नमुना फवारणीच्या आधीच घ्यावा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा, नाहीतर नमुना गोळा करणाराच रोग पसरवतो.

आधी सूक्ष्मदर्शकाखाली

माध्यम, म्हणजे जीवाणू वाढवायचं खाद्य, बनवायच्या आधी पाच मिनिटांचं एक काम उरका. नव्या ब्लेडने डागाच्या कडेचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा असा कापा की अर्धा डागाचा आणि अर्धा हिरव्या भागाचा येईल. स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवून कव्हरस्लिप टाका. कंडेन्सर खाली घ्या, उजेड कमी करा, आधी १० पटीचं भिंग, मग ४० पटीचं. रोग जीवाणूचा असेल तर मिनिट-दोन मिनिटांत कापलेल्या कडेतून उदबत्तीच्या धुरासारखा लोट निघतो आणि निघतच राहतो. पेशींतले कणही बाहेर येतात, पण ते एकदाच भसकन येतात आणि थांबतात. लोट निघालाच नाही तर दुसरा डाग पाहा. तीन-चार डागांतूनही काही आलं नाही तर बुरशीकडे वळा.

माध्यम, आणि नाशिकच्या उंचीची गोष्ट

झँथोमोनाससाठी वायडीसी हे माध्यम सोयीचं. २५० मि.ली.साठी यीस्ट एक्स्ट्रॅक्ट २.५ ग्रॅम, डेक्स्ट्रोज ५ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड ५ ग्रॅम आणि अगार ३.७५ ग्रॅम. यात २० मि.ली.च्या बारा प्लेटी होतात. डेक्स्ट्रोज थोड्या पाण्यात वेगळं ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून) नंतर मिसळा. एकत्र तापवलं की माध्यम तपकिरी होतं आणि पिवळा रंग ओळखता येत नाही. कार्बोनेट तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक प्लेट ओतण्याआधी फ्लास्क हळूच गोल फिरवा. जोरात हलवला तर बुडबुडे येतात. साध्या न्यूट्रिएंट अगारवरही वाढ होते, पण कॉलनी फिकट आणि चपटी येते.

ऑटोक्लेव्हचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त आहे तेवढंच दाखवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, त्यामुळे बाहेरचा दाबच कमी. काट्यावर १५ पौंड दिसले तरी आत १२१ नव्हे, जेमतेम १२० अंश असतं. उपाय सोपा: १६ पौंडांवर १५ मिनिटं ठेवा. त्याहून मोठी चूक म्हणजे आतली हवा पूर्ण न काढणं. व्हॉल्व्हमधून वाफेची अखंड धार किमान पाच मिनिटं जाऊ द्या आणि मगच तो बंद करा. हवा अडकली असेल तर काटा बरोबर दाखवतो आणि फ्लास्क मात्र कच्चा राहतो.

४५ ते ५० अंशांवर ओता. त्याहून गरम ओतलं की झाकणावर पाणी धरतं, आणि तेच पाणी नंतर कॉलन्यांवर ठिबकून सगळ्यांची एकच पिवळी लापशी करतं. प्लेट उलटी ठेवायची ती याचसाठी.

जीवाणू वेगळा करणं

डागाच्या कडेचे तुकडे १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३० ते ६० सेकंद बुडवा. मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा. हे धुणं उरकून टाकलं तर क्लोरीन आत राहतं आणि आपल्याला हवा तोच जीवाणू मरतो. तुकडे निर्जंतुक पाण्याच्या चार-पाच थेंबांत कुस्करा आणि पंधरा मिनिटं तसेच ठेवा, म्हणजे जीवाणू पाण्यात उतरतील. एक लूपभर (लूप म्हणजे टोकाला कडी असलेली तार) घेऊन प्लेटचे चार भाग करत स्ट्रीक करा, म्हणजे रेघा ओढत पसरा. प्रत्येक भागानंतर लूप लालबुंद तापवा आणि अगारच्या कडेला टेकवून गार करा. गरम लूप कॉलनीला लागला की ‘चर्र’ असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे जीवाणू गेले.

तापमान २८ अंश. सवयीने ३७ वर ठेवू नका, हा माणसाच्या पोटातला जीवाणू नाही. इथे नाशिकचा उन्हाळा आडवा येतो. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करू शकत नाही. मे महिन्यात खोलीच ३६ अंशांवर असेल तर बटण २८ वर लावूनही आत ३६ च राहणार. त्यासाठी गार करणारा बीओडी इन्क्युबेटर हवा. आणि जानेवारीत प्लेट टेबलावर ठेवून ‘रूम टेंपरेचर’ लिहू नका. निफाडच्या थंडीतलं रूम टेंपरेचर आणि एप्रिलमधलं यात वीसेक अंशांचा फरक असतो.

आता एक युक्ती, जिचा सर्वांत जास्त उपयोग होतो. २४ तासांनी प्लेट काढा आणि तोवर दिसू लागलेल्या प्रत्येक कॉलनीवर काचेच्या मागून मार्करने टिंब द्या. पँटोइया वेगाने वाढतो, तो या पहिल्या घोळक्यात असतो. झँथोमोनास ४८ ते ७२ तासांनी डोळ्यांत भरतो. म्हणजे टिंब नसलेली, उशिरा आलेली, फिकट पिवळी, फुगीर, चकचकीत, कडा एकसारखी असलेली कॉलनी ही आपली उमेदवार. तिला नव्या प्लेटवर पुन्हा दोनदा स्ट्रीक करा. दोन्ही वेळा सगळ्या कॉलन्या एकाच रूपाच्या आल्या तरच पुढे जा. मिश्र कल्चरवर (एकाहून जास्त जीवाणूंच्या वाढीवर) केलेली कोणतीही चाचणी निव्वळ वेळेचा अपव्यय.

भिंत तपासणं

हान्स क्रिश्चन ग्रॅमने १८८४ मध्ये दिलेली रंजनपद्धत आजही पहिली पायरी आहे, कारण ती थेट पेशीभित्तिकेबद्दल सांगते. ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असते. अल्कोहोलने ती आकसते आणि जांभळा रंग आत अडकतो. ग्रॅम-निगेटिव्हची भिंत पातळ, तिच्याबाहेर मेदाचं आणखी एक पटल. अल्कोहोल ते पटल विस्कटून टाकतं आणि रंग वाहून जातो.

२४ ते ४८ तासांचं ताजं कल्चर घ्या. पाण्याच्या छोट्या थेंबात टाचणीच्या टोकाएवढंच मिसळून स्लाइडवर पातळ स्मिअर (थर) करा. खालचा छापील मजकूर आरपार वाचता आला पाहिजे. हवेत वाळवा, ज्योतीतून दोन-तीनदा झटकन फिरवा. स्लाइड हाताला सोसवेल इतकीच गरम व्हावी. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी, आयोडीन १ मिनिट, पाणी. मग स्लाइड तिरकी धरून ९५ टक्के अल्कोहोल थेंबाथेंबाने, खाली पडणारा थेंब रंगहीन होईपर्यंत. साधारण १० ते २० सेकंद. लगेच पाणी. सॅफ्रानिन ४५ सेकंद, पाणी, टिपकागद, तेल लावून १०० पटीचं भिंग. सगळा खेळ अल्कोहोलचा आहे: जास्त वेळ झाला तर पॉझिटिव्हही गुलाबी होतो, स्मिअर जाड असेल तर निगेटिव्हही जांभळा राहतो. म्हणून त्याच स्लाइडवर एका बाजूला ई. कोलाय आणि दुसऱ्या बाजूला बॅसिलससारखा माहितीतला पॉझिटिव्ह लावा. ते दोघे बरोबर रंगले नाहीत तर मधल्याचं काही लिहू नका. झँथोमोनास बारीक, गुलाबी, बहुतेक सुट्ट्या दंडांसारखा दिसतो.

शंका राहिली तर केओएचची चाचणी करा. ही चाचणी पाहण्यासारखी असते. स्लाइडवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, त्यात लूपभर कल्चर, आणि गोल गोल ढवळत राहा. दहा-वीस सेकंद काहीच होत नाही. मग थेंब अचानक घट्ट होतो, आणि लूप हळूच वर उचलला की गुलाबजामच्या पाकासारखी तार निघते, एक-दीड सेंटिमीटर. अल्कलीने पातळ भिंत फुटलेली असते, आणि हाताशी आलेली ती तार म्हणजे कोट्यवधी पेशींचा डीएनए. झँथोमोनासच्या एका पेशीत सुमारे ५० लाख बेस-जोड्यांचं (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं) एक वर्तुळाकार गुणसूत्र असतं. ते सरळ केलं तर दीड मिलिमीटरहून लांब भरेल, आणि पेशी स्वतः जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरची. त्याला केंद्रकाचं आवरण नाही, म्हणूनच भिंत फुटताच सगळं बाहेर.

पण या जीवाणूबाबत इथे एक सापळा आहे. झँथोमोनास झँथन नावाचा चिकट लेप बनवतो. केक आणि सॉसच्या पाकिटांवर ‘झँथन गम’ लिहिलेलं असतं ना, ते याच्याच भाऊबंदाकडून मिळवतात. त्यामुळे कॉलनी नुसत्या पाण्यातही तार धरू शकते. शेजारच्या स्लाइडवर त्याच कॉलनीचा लूपभर भाग साध्या पाण्यात ढवळून पाहा. पाण्यात तार नाही आणि केओएचमध्ये आहे, तरच चाचणी ग्राह्य. दोन्हीकडे आली तर कमी साखरेच्या न्यूट्रिएंट अगारवर वाढवून पुन्हा करा.

पँटोइयाला बाजूला काढणं

पँटोइयाही ग्रॅम-निगेटिव्ह, दंडाकार, पिवळा, चालणारा. कॅटॅलेज आणि ऑक्सिडेज या दोन विकरांच्या चाचण्या घेतल्या तर कॅटॅलेज दोघांचंही पॉझिटिव्ह आणि ऑक्सिडेजला दोघेही निळे होत नाहीत (झँथोमोनास कधीतरी उशिरा, अगदी फिका होतो). या दोन चाचण्या फक्त ऑक्सिडेज-पॉझिटिव्ह स्यूडोमोनास वगळायला कामाच्या. ऑक्सिडेज १० सेकंदांतच वाचा. निक्रोमच्या तारेने कल्चर घेतलं तर खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, तेव्हा लाकडी टूथपिक वापरा.

खरा निवाडा ह्यू-लाइफसनच्या ओएफ (ऑक्सिडेशन-फर्मेंटेशन) चाचणीत होतो. झँथोमोनासला जगायला हवा लागतेच. पँटोइया हवेशिवायही साखर आंबवतो. १ टक्का ग्लुकोज आणि ब्रोमोथायमॉल ब्लू घातलेल्या हिरव्या माध्यमाच्या (आम्ल झालं की ते पिवळं होतं) दोन नळ्या घ्या. वापरण्याआधी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून विरघळलेली हवा घालवा आणि गार करा. दोन्हींत सरळ सुईने तळापर्यंत कल्चर टोचा. एकीवर निर्जंतुक लिक्विड पॅराफिनचा १ सेंटिमीटर थर घाला. दोन्ही नळ्या एक-दोन दिवसांत पिवळ्या झाल्या तर तो पँटोइयाच्या घराण्यातला. फक्त उघडी नळी, तीही वरून आणि सावकाश पिवळी झाली तर झँथोमोनासच्या बाजूने कौल. आठवडाभर थांबा, तिसऱ्या दिवशी हिरवी आहे म्हणून निगेटिव्ह लिहिणं घाईचं. पॅराफिनचा थर पातळ पडला तर हवा झिरपते आणि निकाल उलटतो.

जोडीला १ टक्का स्टार्चच्या अगारवर एक ठिपका लावा, तीन दिवसांनी आयोडीन ओता. झँथोमोनासभोवती स्वच्छ वलय येतं, बाकी प्लेट निळी-काळी. नायट्रेटचं नायट्राइट झँथोमोनास करत नाही, हीही एक उपयोगी खूण.

जनुकांकडे

१६एस आरआरएनए हे राइबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) लहान भागातलं, साधारण १५४० बेसचं. कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये या रेणूच्या आधारे जीवसृष्टीची मांडणी केली तेव्हापासून ओळखीचं हे मुख्य साधन झालं. एक कॉलनी १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात मिसळा, ९५ अंशांवर दहा मिनिटं, १०,००० आरपीएमवर दोन मिनिटं फिरवा, वरचं १ ते २ मायक्रोलिटर पीसीआरला, म्हणजे १६एसच्या जनुकाच्या प्रती काढायला, टेंप्लेट (मूळ डीएनए) म्हणून वापरा. २७एफ आणि १४९२आर हे प्राइमर (जनुकाची दोन टोकं पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे). ९५ अंश ५ मिनिटं. मग ९५ ला ३० सेकंद, ५५ ला ३० सेकंद, ७२ ला ९० सेकंद अशी ३० आवर्तनं. शेवटी ७२ ला ७ मिनिटं. १ टक्का अगारोजवर १५०० बेस-जोड्यांच्या आसपास एकच पट्टी दिसावी. पट्टी नाही आली तर आधी टेंप्लेट दहापट विरळ करून पाहा, कारण झँथन पीसीआर अडवतो. टेंप्लेट न घातलेल्या नळीतही पट्टी आली तर सगळे द्रव फेकून नव्याने सुरुवात.

१६एसवर विसंबून प्युनिकीपर्यंत पोहोचता येत नाही. हा रेणू प्रजाती (जीनस) नीट सांगतो, पण लिंबाच्या कँकरचा (खैऱ्या रोगाचा) झँथोमोनास आणि डाळिंबाचा यांच्यात तो जवळजवळ सारखाच. तिथे जायरेज-बी या जनुकाचा क्रम लागतो. या जीवाणूच्या डीएनएत जी आणि सी हे बेस मिळून ६५ टक्क्यांच्या आसपास आहेत. अशा डीएनएचे दोन धागे घट्ट बिलगलेले असतात, सहज सुटत नाहीत. जायरेज-बीची पीसीआर फसली तर धागे सुटायला मदत करणारं डीएमएसओ हे रसायन ५ टक्के घालून पाहा.

शेतकऱ्याला खरं हवं असतं ते वेगळंच: औषध लागू पडेल का? स्ट्रेप्टोमायसिन राइबोसोमच्या ३०एस भागाला चिकटतं. आरपीएसएल जनुकातल्या एका बेसच्या बदलाने ते चिकटणं थांबतं. किंवा स्ट्र-ए, स्ट्र-बी ही औषध निकामी करणारी जनुकं प्लाझ्मिडवरून (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावरून) दुसऱ्या जीवाणूकडून येतात. पहिला बदल त्या वंशापुरता राहतो, दुसरा शेजाऱ्यालाही मिळतो. १०० मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या प्लेटवर आणि बिनऔषधाच्या प्लेटवर एकाच वेळी कल्चर लावा. औषध माध्यम ५० अंशांखाली आल्यावरच घाला.

रोग करतो का?

तंबाखूच्या पानात, खालच्या बाजूने, सुई नसलेल्या सिरिंजने जीवाणूंचं पाणी भरा. दाटी ०.५ मॅकफारलंडएवढी (हे गढूळपणाचं माप), म्हणजे मि.ली.मागे दहा कोटींच्या घरात. तुलनेची नळी ०.०५ मि.ली. १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड आणि ९.९५ मि.ली. १ टक्का गंधकाम्ल मिसळून बनते. रोगकारक असेल तर तेवढाच भाग २४ तासांत कोलमडतो आणि कागदासारखा वाळतो. हे घडवतात ती एचआरपी जनुकं, जी पेशीला सुईसारखी नळी देतात. शेजारी नुसतं पाणी भरलेला भाग हिरवाच राहिला पाहिजे.

शेवटी कुंडीतल्या भगव्याच्या रोपावर तेच पाणी फवारा आणि प्लॅस्टिकची पिशवी घालून दोन दिवस दमट ठेवा. आठ-दहा दिवसांत तेलकट डाग येतात. त्या डागातून तोच जीवाणू पुन्हा वेगळा करा, ओएफ आणि स्टार्च पुन्हा लावा. हे झालं तरच अहवालात ‘तेल्याचा रोगकारक’ असं लिहा. रोपं बागेपासून लांब ठेवा आणि काम संपल्यावर कुंडीतल्या मातीसकट ऑटोक्लेव्ह करा. प्लेटी १६ पौंडांवर ३० मिनिटं.

ग्लुकोजच्या साध्या स्लँटवर (नळीत तिरक्या गोठवलेल्या अगारवर) कल्चर महिनाभर ठेवू नका. स्वतःच्याच आम्लात मरतं. वायडीसीमधलं कार्बोनेट हे आम्ल मारतं, म्हणून तिथे जास्त टिकतं. दीर्घकाळासाठी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. तेवढा फ्रीझर नसेल तर निर्जंतुक पाण्यात दाट मिसळून, घट्ट बूच लावलेल्या नळीत, खोलीतल्या गार कोपऱ्यात काही महिने राहतं. दर आठवड्याला नव्या प्लेटवर हलवत बसलं तर रोग करण्याची ताकद उतरत जाते, आणि सहा महिन्यांनी त्याच कल्चरने रोपावर काहीच उमटत नाही.